यंत्रमानव स्पर्धा : आयोजन आणि स्पर्धाप्रकाराची निवड

प्रास्ताविक

शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांतून आणि स्नेहसंमेलनांतून आता यंत्रमानवांच्या, म्हणजेच रोबोंच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु स्पर्धा भरविणे वेगळे आणि स्पर्धेतून विद्यार्थी घडविणे वेगळे. या दोहोंमध्ये किती अंतर पडू शकते, हे आम्ही स्वतः एकदा पाहिले. त्या अनुभवातूनच हा लेख लिहावासा वाटला.

एका तालुक्याच्या गावी भरलेल्या अशा एका स्पर्धेला आम्ही प्रेक्षक म्हणून गेलो होतो. दूरच्या वाडीवरील शाळेची चार मुले पहाटे निघून, दोन एस.टी. बदलून आली होती. त्यांचे यंत्र पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या सदऱ्यात गुंडाळून आणलेले. काळ्या रेषेवरून आपोआप चालणारी ती एक छोटी गाडी होती. शाळेच्या खोलीत ती अनेकदा बिनचूक चालली होती, असे मुले सांगत होती. स्पर्धा मात्र उघड्या मांडवात, भर उन्हात होती. पुकारा झाला, गाडी रेषेवर ठेवली आणि ती जागच्या जागी गरगर फिरू लागली. जेमतेम चाळीस सेकंदांत पंचांनी 'बाद' म्हटले. पद्धत बाद फेरीची असल्यामुळे दुसरी संधी नव्हती. ती चार मुले संध्याकाळच्या एस.टी.ची वाट पाहत दिवसभर मागच्या सतरंजीवर बसून राहिली. त्यांतील एकाने खोक्याची दोरी पुन्हा सोडलीसुद्धा नाही.

दोष त्या मुलांचा नव्हता. रेषा ओळखणाऱ्या डोळ्याला उन्हाने आंधळे केले होते. संयोजकांचा हेतूही वाईट नव्हता. त्यांनी बक्षिसे, हारतुरे, ध्वनिक्षेपक, जेवण असा सगळा विचार केला होता. फक्त जागा कोणती आणि स्पर्धेचा प्रकार कोणता, याचा विचार केला नव्हता. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की, स्पर्धेचा प्रकार ठरतो त्याच क्षणी कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हेही ठरून जाते. हा निर्णय घाईने घेऊ नये.

या स्पर्धा आल्या कोठून?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९७० च्या दशकात प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी यंत्ररचनेच्या वर्गाला स्पर्धेचे रूप दिले. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ सामानाची पेटी द्यायची आणि त्यातूनच यंत्र बनवायला सांगायचे, अशी त्यांची रीत होती. सामान सर्वांना समान असल्यामुळे फरक पडत असे तो डोक्याचा, पैशाचा नव्हे. पुढे डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ पासून शालेय मुलांच्या स्पर्धा सुरू झाल्या.

जपानमध्ये हेच काम प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी केले. त्यांच्या प्रेरणेने १९८८ मध्ये जपानच्या एन.एच.के. या प्रसारण संस्थेने तंत्रनिकेतनांच्या विद्यार्थ्यांसाठी 'रोबोकॉन' सुरू केली. पहिल्या वर्षीचा विषय असा होता : टॉर्चमध्ये घालतात तसल्या दोन मोठ्या सेलच्या शक्तीवर माणसाला बसवून गाडी पळवायची. केवढी साधी अट, आणि विचार करायला केवढा वाव! आपल्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, याच मोरींनी 'द बुद्धा इन द रोबोट' हा ग्रंथ लिहिला. यंत्रातही बुद्धत्वाचे बीज आहे, असा विचार त्यांनी त्यात मांडला. यंत्र करणारा आणि यंत्र हे एकमेकांना घडवितात, ही दृष्टी असलेला माणूस या स्पर्धांच्या मुळाशी आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२००२ मध्ये आशिया व पॅसिफिक भागातील प्रसारण संस्थांच्या संघटनेने आंतरराष्ट्रीय रोबोकॉन सुरू केली. पहिली स्पर्धा टोकियोत झाली आणि तिचा विषय फुजी पर्वतावर बेतलेला होता. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतून विषय द्यायचा, असा प्रघात पडला. भारताचा संघ दूरदर्शनने भरविलेल्या राष्ट्रीय स्पर्धेतून निवडला जात आला आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद पुण्याला दोनदा मिळाले. २००८ मध्ये विषय होता आपली दहीहंडी. गोविंदांप्रमाणे यंत्रांनी उंचावरील लोणी काढायचे. २०१४ मध्ये विषय होता पालकत्वाचा. मोठ्या यंत्राने लहान यंत्राला बागेत नेऊन सी-सॉ, झोका आणि जंगल जिम यांवर खेळवायचे. त्या वर्षी व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने विजेतेपद मिळविले. २०२२ मध्ये दिल्लीच्या स्पर्धेचा विषय होता लगोरी. यंत्राने चेंडू मारून लगोऱ्या पाडायच्या आणि पुन्हा रचायच्या, तर दुसऱ्या संघाने त्यात अडथळा आणायचा.

यातून घेण्याचा धडा मोठा आहे. ज्या खेळांत आपण लहानाचे मोठे झालो, ते जगातील नामांकित विद्यापीठांना महिनोन्‌महिने विचारात पाडू शकतात. तेव्हा स्पर्धेचा विषय परदेशी पुस्तकातूनच घेतला पाहिजे, असे मुळीच नाही.

मुख्य स्पर्धाप्रकार

आता प्रकारांचा क्रमाने विचार करू.

१. तारेने चालविण्याचा रोबो : यात यंत्राला चार-पाच मीटर लांब तार जोडून हातातील डीपीडीटी स्विचने मोटारी पुढे-मागे फिरवितात. संगणक नाही, प्रोग्रॅम नाही. बॅटरी, गिअर असलेल्या दोन मोटारी, चाके, स्विच आणि तार एवढ्यावर काम भागते. अडथळे पार करणे, वस्तू उचलून ठेवणे, चेंडू गोलात ढकलणे असे खेळ यात घेता येतात. प्रथमच भाग घेणाऱ्या शाळांसाठी आमच्या मते हाच प्रकार सर्वांत योग्य होय.

२. बिनतारी रोबो : यंत्र ब्लूटूथने मोबाइलवरून चालवितात. दिसायला आकर्षक, परंतु एक अडचण नेहमी येते. बाजारात मिळणाऱ्या एचसी-०५ या मॉड्यूलचे नाव व संकेतांक बहुधा सर्वांचे सारखेच असतात. एकाच सभागृहात वीस संघ आले की कोणाचा मोबाइल कोणाच्या यंत्राला जोडला गेला, हे कळेनासे होते. म्हणून प्रत्येक संघाने मॉड्यूलला आपल्या संघाचे नाव व वेगळा संकेतांक देऊन यावे, अशी अट नियमपत्रकातच असावी.

३. रेषेवरून चालणारा रोबो : यात अदृश्य अशा अवरक्त किरणांचा दिवा आणि ते किरण टिपणारा डोळा असतो. पांढरा पृष्ठभाग किरण परत पाठवितो, काळी रेषा ते शोषून घेते. या फरकावरून यंत्र वळते. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण भरपूर असतात, म्हणूनच उन्हात हा डोळा फसतो. त्यामुळे ही स्पर्धा बंद खोलीत, खिडक्यांना पडदे लावून आणि सर्व संघांना समान उजेडात घ्यावी. चकाकणारा फ्लेक्स न वापरता मंद पृष्ठभागाचा वापरावा. स्पर्धेपूर्वी प्रत्येक संघाला त्याच मार्गावर सराव आणि जुळवाजुळव करण्यास किमान दहा मिनिटे द्यावीत.

४. सुमो : दोन यंत्रे एकमेकांना वर्तुळाबाहेर ढकलतात. लहान गटात यंत्राची लांबी-रुंदी १० सेंटिमीटर, वजन ५०० ग्रॅम आणि वर्तुळाचा व्यास ७७ सेंटिमीटर असतो. जागा कमी लागते, प्रेक्षकांना खेळ लगेच समजतो आणि यंत्रे फारशी मोडत नाहीत. कुस्तीच्या आखाड्याची आवड असलेल्या आपल्या गावांत हा प्रकार रुजण्यास हरकत नाही.

५. चक्रव्यूह सोडविणारा रोबो : याला मायक्रोमाउस म्हणतात. प्रचलित पूर्ण आकाराच्या मांडणीत १६ गुणिले १६ चौकटी असतात आणि प्रत्येक चौकट १८ सेंटिमीटरची असते. यात बुद्धीचा कस लागतो. हा प्रकार अभियांत्रिकी व तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवावा.

६. रोबोयुद्ध : यात यंत्रे फिरत्या पात्यांनी एकमेकांची मोडतोड करतात. गर्दी जमते हे खरे. परंतु उडालेला लोखंडी तुकडा गोळीसारखा लागतो. मजबूत पॉलिकार्बोनेटच्या भिंती आणि जाणकार तंत्रज्ञ यांच्याशिवाय हा प्रकार घेऊ नये. शाळांसाठी तर मुळीच घेऊ नये. शिवाय महिनाभराची मेहनत आणि पैसा तीन मिनिटांत भंगारात जातो, तो गरीब संघाला कसा परवडणार?

७. दीर्घ मुदतीची कार्याधारित स्पर्धा : आय.आय.टी. मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमाने २०१२ पासून अशी स्पर्धा चालविली आहे. संघांना एक विषय देऊन टप्प्याटप्प्याने कामे सोपविली जातात आणि विद्यार्थी कित्येक महिने आपल्याच महाविद्यालयात राहून शिकतात. एका दिवसाच्या जत्रेपेक्षा यात शिक्षण अधिक होते. ज्या मंडळांना हे जमेल त्यांनी लहान प्रमाणावर का होईना, याचे अनुकरण करावे.

फेऱ्यांचे गणित

प्रकार ठरल्यावर फेऱ्यांची पद्धत ठरवावी लागते. येथे थोडे गणित करावे.

समजा १६ संघ आले. बाद पद्धतीत एकूण १५ सामने होतात. पद्धत झटपट संपते, परंतु ८ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर १२० सामने होतात, तेवढा वेळ कोणाकडेच नसतो. मधला मार्ग असा : चार-चार संघांचे चार गट करावेत. प्रत्येक गटात ६ याप्रमाणे २४ सामने होतील. गटविजेत्यांचे दोन उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम एक, असे एकूण २८ सामने झाले. सामन्याला ३ मिनिटे आणि मांडणीला ३ मिनिटे धरली तर १६८ मिनिटे, म्हणजे २ तास ४८ मिनिटे लागतात. आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात.

बुद्धिबळातील स्विस पद्धतही उपयोगी आहे. तीत कोणी बाद होत नाही, प्रत्येक फेरीत सारख्या गुणांचे संघ समोरासमोर येतात. १६ संघांच्या ४ फेऱ्यांत ३२ सामने होतात, म्हणजे वरील हिशेबाने ३ तास १२ मिनिटे. दोन मैदाने मांडली तर वेळ निम्मा होतो.

रेषेवरच्या स्पर्धेत संघ समोरासमोर येत नाहीत, घड्याळाशी लढतात. तेथे प्रत्येक संघाला किमान दोन संधी द्याव्यात आणि चांगली कामगिरी धरावी. २४ संघ, प्रत्येकी दोन फेऱ्या आणि फेरीला ५ मिनिटे म्हटली तर एका मार्गावर ४ तास लागतात, दोन मार्गांवर २ तास. वर सांगितलेल्या त्या चार मुलांना दुसरी संधी मिळण्यासाठी संयोजकांना मार्गाचा आणखी एक फलक आणि आणखी एक घड्याळ एवढेच लागले असते!

गुणांची विभागणीही विचारपूर्वक करावी. 'पूर्ण केले तर शंभर, नाही तर शून्य' अशी पद्धत नवख्यांना मारक असते. मार्गावर दहा टप्पे करावेत आणि पोहोचेल तेथपर्यंतचे गुण द्यावेत. एकूण गुणांपैकी निदान चौथा हिस्सा वहीसाठी आणि तोंडी प्रश्नांसाठी राखावा. वहीत रोजचे काम, चुका, आकृत्या आणि खर्च लिहिलेला असावा. तोंडी प्रश्न संघातील कोणत्याही सदस्याला विचारावेत. विकत आणलेले तयार यंत्र आणि हाताने घडविलेले यंत्र यांतील फरक या दोन गोष्टींतूनच उघड होतो.

आपल्या जिल्ह्याचा विचार

२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेला आपला नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. चौदा तालुके, एका टोकाला अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या टोकाला जामखेड. लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि विळद घाट येथे १९८० च्या दशकापासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्ही.आर.डी.ई. ही संस्था नगरजवळ आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. म्हणजे ज्ञानाची ठिकाणे आहेत, परंतु वाडीवरून तेथपर्यंत पोहोचणे अवघड आहे. अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरातील शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब उभारण्यास प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले. ज्या शाळेत अशी प्रयोगशाळा आहे आणि जेथे साधा सोल्डर गनही नाही, त्या दोन्ही एकाच रांगेत उभ्या केल्या तर निकाल स्पर्धेपूर्वीच लागलेला असतो. म्हणून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

अ) तारखेची निवड : पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. डिसेंबर-जानेवारीत स्पर्धा ठेवली की ही मुले आपोआप वगळली जातात, आणि ती वगळली गेली हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जुलै ते सप्टेंबर हा काळ त्यामानाने बरा. बक्षीस समारंभ शेवटच्या एस.टी.च्या आत आटोपावा.

आ) खर्चाची मर्यादा : यंत्राच्या एकूण खर्चाला मर्यादा घालावी आणि बिले वहीला जोडण्यास सांगावे. जुन्या यंत्रांतून काढलेले भाग, सायकलच्या तारा, पुठ्ठा, प्लायवूड यांना मोकळीक असावी. शक्य असल्यास फ्लॉवर्स यांच्याप्रमाणे सर्वांना एकच पेटी द्यावी.

इ) कार्यशाळा आधी, स्पर्धा नंतर : किमान सहा आठवडे आधी नियम जाहीर करावेत, तेही मराठीत. त्यानंतर दोन रविवार कार्यशाळा घ्यावी. जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना मार्गदर्शक म्हणून बोलवावे. ज्यांनी शिकून घेतले, त्यांनी पुढच्यांना हात द्यावा.

ई) मुलींचा सहभाग : मुलींनी तक्ता धरायचा आणि मुलांनी तारा जोडायच्या, असे चित्र आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. प्रत्येक फेरीत चालक बदलला पाहिजे, असा नियम केला की हे चित्र भाषणाशिवाय बदलते.

उ) स्थानिक विषय : कांद्याची लहान-मोठी प्रतवारी, ठरल्या क्रमाने ठिबकच्या झडपा उघडणे, उताराच्या मांडणीवर बांध घालून चेंडूरूपी पाणी अडविणे असे विषय घ्यावेत. हिवरे बाजारच्या पाण्याच्या ताळेबंदाची माहिती ज्या मुलांना आहे, त्यांना असा विषय समजावून सांगावा लागणार नाही. परदेशी पुस्तकातील विषयात हीच मुले मागे पडतात, येथे ती पुढे असतील.

सुरक्षितता

लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी व जोरकस असते, परंतु फुगली, दाबली गेली किंवा चुकीच्या चार्जरवर ठेवली तर पेट घेते. चार्जिंगसाठी एकच टेबल ठेवावे, तेथे जबाबदार शिक्षक बसवावा आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. फुगलेली बॅटरी मैदानात येऊ देऊ नये. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी आणि डोळ्यांना चष्मा लावावा. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून जनरेटरची सोय करावी, आणि वीज गेल्यास फेरी पुन्हा घेतली जाईल, हे आधीच लिहून ठेवावे.

पंच दोन असावेत आणि ते कोणत्याही सहभागी शाळेचे नसावेत. तक्रार लेखी घ्यावी, निर्णय कारणासह सर्वांसमोर सांगावा. नियम स्पर्धेच्या दिवशी बदलू नयेत. मुले पराभव विसरतात, अन्याय विसरत नाहीत.

समारोप

संयोजकांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : सर्वांत शेवटी आलेला संघ संध्याकाळी काय घेऊन परत जाईल? त्याला तीन वेळा मैदानात उतरता आले, चूक कोठे झाली हे कोणी समजावून सांगितले, वहीला चार गुण मिळाले आणि पुढच्या वर्षी यावेसे वाटले, तर स्पर्धा यशस्वी झाली असे समजावे. केवळ विजेत्याच्या छायाचित्रावरून यश मोजू नये.

मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही लक्षात ठेवा. यंत्र चालले नाही म्हणजे आपण हरलो, असे नव्हे. ते का चालले नाही हे शोधायला बसलो की तेथूनच विद्येला सुरुवात होते. खोक्याची दोरी पुन्हा सोडली पाहिजे. आणि ती सोडावीशी वाटेल अशी स्पर्धा भरविणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेत १२ संघ आले, तर तीन-तीन संघांचे चार गट करून, गटविजेत्यांचे दोन उपांत्य व एक अंतिम सामना धरून किती सामने होतील? प्रत्येकी ६ मिनिटे धरून एकूण वेळ काढा.

२. रेषेवरून चालणारे यंत्र उन्हात का फसते, हे आपल्या शब्दांत लिहा. त्यावर तुम्हाला सुचणारा एक उपाय द्या.

३. तुमच्या गावातील एखादा खेळ किंवा शेतीचे काम निवडा आणि त्यावर बेतलेल्या यंत्रमानव स्पर्धेचे पाच नियम तयार करा.